नऊ व्होल्टची बॅटरी

आमच्या या पानावर येणारी पत्रे बहुधा शुद्धलेखनाविषयी, नाही तर मुलांच्या अभ्यासाविषयी असतात. गेल्या महिन्यात मात्र निपाणीहून एका भगिनींचे जे पत्र आले ते वाचून आम्हांस प्रथम हसू आले आणि मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्या लिहितात, "माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तो एका भोकाभोकांच्या पांढऱ्या पाटीवर तारा खोचून काहीतरी करीत असतो. त्याला वीज कशातून द्यावी यावरून घरात रोज वाद होतो. मुलगा म्हणतो, मोबाईलचा चार्जर. त्याचे वडील म्हणतात, बॅटरी. आणि सासूबाई म्हणतात, दोन्ही नको, आधी अभ्यास कर. आपण मुख्याध्यापक आहात, तेव्हा आपणच निकाल द्यावा."

मुख्याध्यापकास सर्व विषयांतले कळते हा समज आम्ही सहसा मोडीत नाही. नोकरीला तो उपयोगी पडतो. वस्तुतः आम्ही मराठीचे एम. ए., आणि विजेशी आमचा संबंध दर महिन्याचे बिल भरण्यापुरता. तरीही या एका प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकतो, कारण हाच निकाल आम्ही एकदा दिला होता आणि तो चुकला होता. त्याचा दंड मात्र एका मुलीने भरला.

आधी त्या पांढऱ्या पाटीविषयी. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. रेडिओच्या आरंभीच्या काळात पाश्चात्त्य देशांतले हौशी लोक स्वयंपाकघरातला पाव कापण्याचा लाकडी पाट उचलून आणीत आणि त्यावर खिळे व स्क्रू ठोकून आपले परिपथ मांडीत. त्यावरून हे नाव पडले. आम्ही शाळेत 'पोळपाट' हा प्रतिशब्द सुचवून पाहिला. मुले पोट धरून हसली, पण शब्द मात्र राहिला, आता आमच्या प्रयोगशाळेत "पोळपाट कुणी नेला रे?" असे सर्रास ऐकू येते. हा नवा पोळपाट प्लॅस्टिकचा असतो. भोकांखाली धातूचे चिमटे असतात. तार खोचली की जोड झाला, उपसली की सुटला. डाख देण्याची गरज नाही. दोन्ही कडांना लाल व निळ्या रेघेच्या ज्या लांब ओळी असतात, त्या वीज वाटण्यासाठी. काही पाट्यांत या ओळी मध्यभागी तुटलेल्या असतात, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही, आणि अर्धा परिपथ उपाशी राहतो. रेघ मधेच खंडित दिसली तर तेथे तारेचा एक तुकडा जोडावा.

आता त्या मुलीची हकीकत. २०२३ सालची गोष्ट. ती तेव्हा आठवीत होती. उन्हाळ्याच्या सुटीत घरची सारी मंडळी गावी गेली आणि परत येईतो आजीची तुळस वाळून कोळ झाली. आजी दोन दिवस जेवली नाही म्हणे. त्यावरून मुलीच्या मनाने घेतले की, आपण नसताना कुंडीला पाणी घालील असे काहीतरी करावे. मातीतला ओलावा मापणारी दोन दातांची पट्टी, एक छोटासा पंप, तो चालू-बंद करणारा रिले, आणि या सर्वांना हुकूम सोडणारे आर्डुइनो नावाचे मंडळ. हे मंडळ २००५ च्या सुमारास इटलीतील इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच तयार झाले, आणि आज आमच्यासारख्या शाळेतही पोचले आहे. माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद. आमच्याकडे विज्ञान शिक्षकांची जागा त्या वर्षी रिकामी होती. मुलीने हे सर्व चुलतभावाच्या मदतीने घरीच जुळविले आणि डिसेंबरात तालुक्याच्या प्रदर्शनासाठी शाळेत आणून दाखविले. मोबाईलच्या चार्जरवर ते उत्तम चालत होते.

येथे आम्ही मध्ये पडलो. पाण्याचे भांडे, शेजारी वीज आणि आठवीतले मूल! आम्ही म्हणालो, "चार्जर वगैरे काही नको. बॅटरी लाव." आणि स्वतः बाजारात जाऊन खिशातले पैसे देऊन एक चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आणून दिली. दुकानदाराने विचारले, "नऊचीच का?" आम्ही म्हणालो, "पाच लागतात. नऊ असले म्हणजे उरतील." या वाक्यावर आम्ही खूश होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक टेबलाशी आले. मुलीने कोरड्या मातीत पट्टी खोचली. रिलेने 'टक्' केले, पंपाने एक उसासा सोडला आणि सारे दिवे विझले. क्षणाने दिवे पुन्हा लागले, पुन्हा 'टक्', पुन्हा अंधार. टक्-टक्, टक्-टक्. पाण्याचा थेंब काही वर चढेना. परीक्षकांनी सभ्यपणे मान हलविली आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. मुलगी म्हणाली, "सर, घरी चालत होतं." आणि आम्ही, इतर शाळांच्या शिक्षकांच्या देखत, म्हणालो, "घरी चालत होतं म्हणजे काय? नीट तपासून का आणलं नाहीस?" ती काही बोलली नाही. तारा गुंडाळू लागली.

पुढच्या रविवारी आम्ही ते सारे सामान पिशवीत घालून शहापुरातील एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तकाकडे गेलो. त्यांस आम्ही काका म्हणतो. वाल्वच्या रेडिओपासून हाताखालून गेलेली यंत्रे त्यांनी किती पाहिली असतील! त्यांनी बॅटरीला मल्टिमीटरच्या तारा टेकविल्या. साडेनऊच्या आसपास काटा. "बघा, बॅटरी ठणठणीत आहे," आम्ही म्हणालो. काका म्हणाले, "होय की सर, बसलेली आहे तोवर ठणठणीतच. आता उठवून बघू." त्यांनी पट्टी मातीतून काढली. पंप सुरू होताच काटा सहाच्याही खाली कोसळला, दिवे गेले, पंप थांबला, आणि काटा सावकाश पुन्हा वर चढला.

त्यांनी मग जे समजावले ते आम्हांस जन्मात प्रथमच समजले, म्हणून सविस्तर सांगतो. विजेच्या साधनावर दोन आकडे असतात आणि आपण त्यांतला एकच वाचतो. व्होल्ट म्हणजे दाब. तो परिपथाला हवा तेवढाच असावा लागतो, कमी नको नि अधिक नको. अँपिअर म्हणजे प्रवाह. त्याचा साधनावरील आकडा म्हणजे ते जास्तीत जास्त किती देऊ शकते याचा दाखला. तो गरजेपेक्षा अधिक असला तर बिघडत नाही, कारण परिपथ आपल्याला लागेल तितकाच प्रवाह ओढतो. विहिरीत पाणी पुष्कळ आहे म्हणून घागर फुटत नाही. घागर आपल्यापुरतेच घेते. आम्ही नेमके उलट केले होते. दाब जास्तीचा आणला, आणि विहीर आणली वाटीएवढी.

त्या चौकोनी बॅटरीच्या पोटात दीड व्होल्टचे सहा चिमुकले घट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. ती ट्रान्झिस्टर रेडिओसारख्या अल्पाहारी यंत्रांसाठी जन्मली. चार-दोन मिलिअँपिअर मागाल तर महिनोन्‌महिने देईल. तिचा सगळा साठा सुमारे ४०० ते ५५० मिलिअँपिअर-तास, तोही हळूहळू घेतला तर. आता मुलीच्या यंत्राचा हिशेब पाहा : पंपास सुमारे २०० मिलिअँपिअर, रिलेस ७०, मंडळास ५०, पट्टीस आणि दिव्यांस आणखी १५-२०. एकूण ३४० च्या घरात. शिवाय कोणतीही मोटर उभ्या जागेवरून फिरू लागताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. एवढा प्रवाह मागितला की बॅटरीच्या आतल्या रोधामुळे तिचाच दाब ढासळतो. आर्डुइनोस त्याच्या गोल खोबणीतून वीज दिली तर किमान सातेक व्होल्ट तरी हवेत; दाब त्याहून फार खाली गेला की ते मंडळ भोवळ येऊन पडते आणि शुद्धीवर आले की पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागते. पंप बंद, म्हणून बॅटरीला हुशारी येते. हुशारी आली म्हणून मंडळ जागे होते. जागे होताच त्याला माती कोरडी दिसते. तेच ते टक्-टक्.

आणि आमचे ते 'उरतील' म्हटलेले चार व्होल्ट? ते उरत नाहीत, जळतात. मंडळावरचा जो भाग नवाचे पाच करतो तो जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. ४ व्होल्ट गुणिले ०.३४ अँपिअर म्हणजे जवळजवळ १.४ वॉट नुसती धग. काकांनी आमचे बोट त्यावर टेकवून दाखविले; आम्ही ते झटकन काढले. बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला असता तर ही धग जवळजवळ पावणेदोन पट झाली असती. बाजारात ७८०५ म्हणून तीन पायांचा जो तुकडा मिळतो, त्याचेही असेच : त्याला पाचाहून निदान दोन व्होल्ट अधिक लागतात, पण जितके अधिक द्याल तितका तो तापतो.

म्हणजे चार्जरच योग्य होता. चांगला मोबाईल-चार्जर ५ व्होल्ट देतो, १ किंवा २ अँपिअरपर्यंत देतो, आणि २३० व्होल्टची घरची वीज आतल्या आतच अलग ठेवतो. निपाणीच्या भगिनींना पुढची शंका येईल, कारण ती आम्हांलाही आली होती : हल्लीच्या झटपट चार्जरांवर ९ व १२ व्होल्टही लिहिलेले असते, त्याचे काय? तो अधिक दाब चार्जर आपणहून देत नाही. मोबाईलने ठराविक खुणेने मागितला तरच देतो. पोळपाटाला ती खूण करता येत नाही, म्हणून त्याला पाचच मिळतात. मात्र दोन्ही टोकांना नव्या पद्धतीचे, टाइप-सी म्हणतात तसले चपटे तोंड असलेली केबल कापून वापराल तर बहुधा काहीच मिळणार नाही. जुन्या रुंद तोंडाची केबल घ्यावी. कापल्यावर लाल तार धन नि काळी ऋण असायला हवी. पण स्वस्त केबलींत रंगांवर भरवसा ठेवू नये, मीटर टेकवून पाहावे. ही खबरदारी घेतली नाही तर धन-ऋण उलटे होऊन मंडळ एका क्षणात निकामी होऊ शकते.

सासूबाईंच्या भीतीला आम्ही हसणार नाही. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असावे. बेनाव, हलक्या चार्जरांत घरची वीज आणि पाच व्होल्ट यांच्यामधली भिंत फारच पातळ असते. चार्जर व खोबणी पाण्याच्या भांड्याहून उंचावर आणि हातभर दूर असावीत, आणि प्लग मोठ्या माणसाने लावावा. ही पथ्ये पाळली तर मुलाच्या हातात येतात ते पाचच व्होल्ट. त्यांनी अंगाला झिणझिणीदेखील येत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरचा जड अडॅप्टर घरात पडून असेल तर तो मात्र पडूच द्यावा. काकांनी तसा एक काढून दाखविला. वर लिहिलेले ९, आणि मोकळा असताना मीटरवर १३. ज्याला ओझे लागले तरच लेबलावरचा दाब उतरतो, असे ते यंत्र.

ज्यांच्या घरी संगणकाचा जुना वीजपुरवठा पडून आहे ते विचारतील, तो का नको? त्यात पाच व्होल्ट असतात, आणि अँपिअर तर वीस-वीस. नको तो त्यासाठीच. मघाची विहिरीची उपमा येथे अपुरी पडते. परिपथ धड असेल तोवर तो लागेल तेवढेच घेतो हे खरे, पण मुलाच्या हातून दोन तारा एकमेकींस चिकटल्या की ती बूड नसलेली घागर होते. मग विहीर जितकी मोठी तितका अनर्थ मोठा. पोळपाटाचे नाजूक चिमटे अँपिअरभर प्रवाह कसाबसा सोसतात; वीस अँपिअर आले तर प्लॅस्टिक वितळते आणि तार लाल होते. शिकणाऱ्याकडून चूक होणारच. तेव्हा त्याच्या विजेला चुकीच्या वेळी हात आखडता घेता आला पाहिजे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत यासाठी प्रवाहाची मर्यादा बांधून देता येणारे यंत्र असते. घरी निदान धन तारेत अर्ध्या किंवा एक अँपिअरचा काचेचा फ्यूज घालावा. फार थोड्या पैशांचे काम आहे. लॅपटॉपच्या मोडक्या बॅटरीतून काढलेले लिथियमचे घट मुलांत फार लोकप्रिय आहेत, त्यांविषयी आम्ही एवढेच सांगू : ते शॉर्ट झाले तर पेट घेऊ शकतात, संरक्षक मंडळाशिवाय त्यांस घरात थारा देऊ नये.

राहिला प्रश्न प्रदर्शनाचा. तेथे टेबलापाशी खोबणी असेलच असे नाही. मुलीने पुढच्या वर्षी, २०२४ च्या प्रदर्शनासाठी, प्रथम पॉवर बँक लावून पाहिली. ती अर्ध्या-पाऊण मिनिटाने आपणहून बंद पडे. पुष्कळशा पॉवर बँका फारच थोडा प्रवाह वाहू लागला की मोबाईल भरला असे समजून झोपी जातात. आणि कुंडीचे यंत्र तर बहुतेक वेळ नुसते वाट पाहत बसलेले. शेवटी तिने दोन चुली मांडल्या. मंडळ व रिले यांस पुन्हा भरता येणारे चार पेन्सिल सेल; ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणून एकूण ४.८. पंपास दीड व्होल्टचे साधे चार वेगळे, कारण तो पंप सहा व्होल्टपर्यंत सोसतो. साधे चार सेल मंडळाच्या पाच व्होल्टच्या टोकास मात्र कदापि जोडू नयेत. कोरे असताना ते सहाच्याही वर जातात, आणि त्या मंडळाच्या मुख्य चिपेची मर्यादा साडेपाचाची आहे. पंपाच्या झटक्याने आता मंडळाला भोवळ येईना, कारण दोघांची चूल निराळी. मध्ये रिले असल्याने दोन्हींचा तारेने संबंध येण्याचेही कारण उरले नाही. पंप ट्रान्झिस्टरने चालविला असता तर दोन्हींची ऋण टोके एकत्र जोडावी लागली असती. हे आम्ही नव्हे, तिनेच काकांना सांगितले. काका आमच्याकडे पाहून नुसते हसले.

त्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले नाही. पण सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत जो येईल त्याच्यापुढे पंप चालत होता, आणि टेबलाखालची फरशी ओली झाली म्हणून शिपायाने दोनदा कुरकुर केली.

एक गोष्ट सांगायची राहते. काकांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीस कार्यालयात बोलावून सांगितले की, तुझे यंत्र बरोबर होते, चूक आमच्या बॅटरीची होती. ती म्हणाली, "असू दे सर." आम्ही बोललो होतो चारचौघांत आणि कबुली दिली बंद दाराआड, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. आता ती दहावीही ओलांडून गेली. हे मासिक तिच्या घरी येते, असे तिच्या आजीनेच आम्हांस एकदा सांगितले होते. तेव्हा येथे चारचौघांत पुन्हा सांगतो : आठवीतल्या त्या मुलीने यंत्र नीट तपासूनच आणले होते.

निपाणीच्या भगिनींनी चिरंजीवांना प्रथम कागदावर बेरीज मांडायला सांगावी : कोण किती मिलिअँपिअर घेतो? बेरजेची दुप्पट करावी आणि तेवढे देणारा पाच व्होल्टचा चार्जर घ्यावा. एखादी मोटर असेल तर तिच्या जवळ धन-ऋण टोकांत ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, त्याची पट्टी ऋणाकडे ठेवून, लावून द्यावा. सुरुवातीचा झटका तो पुष्कळसा सोसतो. आणि त्याने केवळ ५५५ क्रमांकाची चिप घेऊन एखादा दिवा लुकलुकविला असेल, तर मात्र वडिलांचे म्हणणेही खोटे नाही. ती चिप साडेचारपासून सोळा व्होल्टपर्यंत कशावरही चालते, दिव्याला ४७० ओहमचा रोध घातला की पंधरा मिलिअँपिअर पुरतात, आणि तेवढे ती चौकोनी बॅटरी आनंदाने देते.

आमची ती बॅटरी आम्ही टाकली नाही. काकांच्या सांगण्यावरून शाळेसाठी एक मल्टिमीटर घेतला, त्यात ती बसविली. आज इतक्या दिवसांनीही मीटर तिच्यावरच चालतो.